कीबोर्डवरच्या जादा बटणांना कामाला कसं लावायचं? (लिनक्स मिंट, जुना पीएस-टू कीबोर्ड)

रानजाई
नमस्कार मंडळी. प्रश्न कीबोर्डचा आहे पण आधी थोडं सांगते म्हणजे मला नेमकं काय हवंय ते कळेल. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मामांनी कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या, एकूण ११ कॅसेट, त्या सगळ्या मी गेल्या पावसाळ्यात कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि आता रोज रात्री तासभर बसून एकेक ओवी टाइप करतेय. आजी आता नाही, तेव्हा जे ऐकू येतंय तेच काय ते आहे. जात्याची घरघर इतकी आहे की एकेका ओळीला आठ-दहा वेळा मागं जावं लागतं, काल एका ठिकाणी "मावळण" (म्हणजे आत्या) म्हणतेय का "माउली" यातच पाऊण तास गेला.

आता अडचण अशी की गाणं व्हीएलसी प्लेअरमध्ये वाजतंय आणि मी लिहितेय लिबरऑफिस रायटरमध्ये, म्हणजे थांबवायचं झालं की माउस पकडा, व्हीएलसीच्या खिडकीत जा, थांबवा, मागं ओढा, परत रायटरमध्ये या, तोवर डोक्यातली ओळ गेलेली असते. शॉर्टकट लावून बघितले, कंट्रोल-अल्ट आणि एखादं अक्षर असे, पण मी इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीत टाइप करते आणि मराठी चालू असताना ते शॉर्टकट कधी लागतात कधी लागत नाहीत.

मग आठवलं की घरात एक जुना मल्टिमीडिया कीबोर्ड पडलाय, भावाने कॉलेजात असताना तापकीर गल्लीतून आणला होता, जांभळ्या गोल पिनचा, म्हणजे पीएस-टू. बटणं अजून मऊ आहेत, टायपिंगला फार बरा वाटतो. वरच्या कडेला आवाजाची तीन बटणं, प्ले, पुढचं, मागचं, कॅल्क्युलेटर आणि एकदम उजवीकडे चंदेरी रंगाची १, २, ३ अशी तीन गोल बटणं आहेत. सीडी होती सोबत, ती विंडोज एक्सपीची आणि आता नाहीच.

पीसी असेंबल्ड आहे, मागे पीएस-टूचं पोर्ट आहे, लिनक्स मिंट टाकलंय, सिनॅमन डेस्कटॉपवालं. आवाजाची बटणं लावल्या लावल्या चालली. प्लेचं बटण दाबलं की व्हीएलसी ऐवजी ब्राउझरमधला व्हिडिओ चालू होतो. आणि १, २, ३ दाबली तर काहीच होत नाही. मला त्या तीन बटणांवर चालू-बंद, ५ सेकंद मागे, आणि जमलं तर आत्ता किती मिनिट किती सेकंद झालेत ते कॉपी करणं, एवढंच हवंय. होईल का हे का ती बटणं मेलेली समजायची?

चहाबाज
ताई होईल की. आधी सोपं ते. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडा, त्यात शॉर्टकट्स, त्यात साउंड अँड मीडिया. तिथे प्ले, पॉज, पुढे, मागे सगळं यादीत दिसेल, समोरच्या रकान्यात क्लिक करायचं आणि हवं ते बटण दाबायचं. १, २, ३ साठी कस्टम शॉर्टकट करता येतो त्याच यादीत खाली.

ब्राउझरचं म्हणाल तर त्याचं कारण आहे. क्रोमने २०१९ पासून आणि फायरफॉक्सने २०२० मध्ये ८१व्या आवृत्तीपासून ही मीडिया बटणं स्वतः ऐकायला सुरुवात केली. म्हणजे एखाद्या टॅबमध्ये व्हिडिओ अर्धवट थांबवून ठेवला असेल तर प्ले दाबल्यावर तोही हात वर करतो. फायरफॉक्समध्ये अबाउट-कॉन्फिग उघडून मीडिया-हार्डवेअरमीडियाकीज-एनेबल्ड (मध्ये डॅश नाही, डॉट) शोधा आणि फॉल्स करा, क्रोममध्ये फ्लॅग्जच्या पानावर हार्डवेअर मीडिया की हँडलिंग म्हणून आहे ते डिसेबल करा. ब्राउझर बंद करून उघडा. मी हे घरी केलंय, मुलीच्या ऑनलाइन क्लासमध्ये मध्येच माझी गाणी सुरू व्हायची तेव्हा.

रानजाई
ब्राउझरचं काम झालं, खूप धन्यवाद! प्लेचं बटण आता सरळ व्हीएलसीला जातं.

पण १, २, ३ चं नाही झालं. कस्टम शॉर्टकट केला, रकान्यात क्लिक केलं, बटण दाबलं, तो नुसता वाट बघत बसतो. कॅल्क्युलेटरचं बटण दाबलं तर लगेच घेतो. मी झेव्ह पण चालवून बघितलं, कुठेतरी वाचलं होतं की त्यात बटणाचा नंबर दिसतो. त्यात १, २, ३ दाबल्यावर काहीच नाही. आणि गंमत म्हणजे आवाजाची बटणं, जी चालतायत, तीही त्यात धड दिसत नाहीत, नुसतं फोकस-आउट असं काहीतरी येतं. मग झेव्हवर विश्वास ठेवायचा का नाही?

सोल्डरगन
ताई, झेव्ह बरोबर सांगतंय, फक्त ते काय सांगतंय ते समजून घ्यायला हवं. जरा लांबण लावतो पण हे एकदा डोक्यात बसलं की कुठलाही कीबोर्ड आणा, अडत नाही.

बटण दाबल्यापासून गाणं थांबेपर्यंत तीन टप्पे असतात. कीबोर्ड एक कच्चा नंबर पाठवतो, त्याला स्कॅनकोड म्हणतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या स्कॅनकोडवरून स्वतःचा कीकोड काढतो, म्हणजे "हे बटण प्ले-पॉजचं आहे" हे तिथे ठरतं. मग एक्स, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम, त्याला एक नाव देतो, आणि ते नाव बघून सिनॅमन ठरवतं की काय करायचं. तुमची आवाजाची बटणं तीनही टप्पे पार करून सिनॅमनपर्यंत जातात आणि सिनॅमन ती मधल्यामध्ये उचलतं म्हणून झेव्हच्या खिडकीपर्यंत ती पोचतच नाहीत, फोकस-आउट दिसतं ते त्यामुळे. म्हणजे ती चालतायत याचंच ते लक्षण आहे. १, २, ३ मात्र एक्सपर्यंतही येत नाहीत. मग ती कुठे हरवतात हे बघायचं, ती कीबोर्डमधूनच बाहेर पडत नाहीत का कर्नलला ओळखू येत नाहीत. या दोन्हीत फार फरक आहे, पहिलं असेल तर आतलं कार्बन कॉन्टॅक्ट गेलंय, कीबोर्ड खोलून साफ करावा लागेल, दुसरं असेल तर पाच मिनिटांचं काम आहे.

टर्मिनल उघडा, सुडो (म्हणजे अ‍ॅडमिनच्या परवानगीने) लावून डीमेसेज, कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड, चालवा, मागे डॅश आणि छोटं डब्ल्यू लावा म्हणजे ते चालू राहील आणि नवीन ओळ आली की दाखवेल. (सगळं देवनागरीत लिहितोय इथल्या रिवाजाप्रमाणे, टाइप करताना इंग्रजी छोट्या अक्षरांत, आकडेही इंग्रजी.) आता १ दाबा. पीएस-टू कीबोर्डचं एक फार चांगलं आहे, न ओळखलेलं बटण दाबलं की कर्नल गप्प बसत नाही. अननोन की प्रेस्ड अशी ओळ येईल, त्यात कोड शून्य-एक्स काहीतरी असेल, आणि त्याच्या खालच्याच ओळीत तो स्वतः सांगेल की सेटकीकोड्स वापरून हे बटण ओळखीचं करा, आणि कुठला कोड लिहायचा तोही देईल. यूएसबी कीबोर्डवर ही सोय नाही, तिथे इव्हीटेस्ट नावाचा बटणं तपासायचा प्रोग्राम टाकून बघावं लागतं.

तीनही बटणांच्या ओळी इथे द्या. आणि एक सांगायचं राहिलं, पीएस-टूची पिन पीसी चालू असताना काढू घालू नका. यूएसबीसारखं ते चालू मशीनवर लावायला बनवलेलं नाही, पीसी पूर्ण बंद करून मगच.

भुसावळचा
मी विंडोजवाला, पण माझंही सांगतो कारण बरेच जण हे वाचायला येतील. विंडोजमध्ये मेल, कॅल्क्युलेटर, होमपेज असली बटणं कुठे जातात हे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, लिहिलेलं असतं, सीडीची गरज नाही. लोकल मशीनच्या खाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, आणि त्यात अ‍ॅपकी नावाचा फोल्डर. आत नुसते आकडे आहेत, १८ म्हणजे कॅल्क्युलेटर, १५ म्हणजे मेल, ७ म्हणजे होमपेज. १८ मध्ये शेलएक्झिक्यूट नावाची स्ट्रिंग करून त्यात हव्या त्या प्रोग्रामचा पत्ता दिला की कॅल्क्युलेटरच्या बटणावर तो उघडतो. माझं टॅली त्यावर आहे गेली कित्येक वर्षं. रजिस्ट्रीला हात लावायच्या आधी तेवढा फोल्डर एक्स्पोर्ट करून ठेवायचा मात्र. ज्यांना रजिस्ट्री नको त्यांनी पॉवरटॉइजमधला कीबोर्ड मॅनेजर बघा.

ताई तुमच्यासाठी, माझ्या लॅपटॉपवर लिनक्सही आहे, त्यात लाँच-१ नावाच्या बटणाचा नंबर झेव्हमध्ये १५६ येतो. ते सेटकीकोड्समध्ये १५६ टाकून बघा, मोकळं बटण आहे, कुणी वापरत नाही.

रानजाई
आल्या आल्या, ओळी आल्या!! मला इतका आनंद झाला की आईला हाक मारून दाखवलं. १ दाबलं की अननोन की, कोड शून्य-एक्स-८५, आणि खाली "सेटकीकोड्स ई००५ वापरा" असं. २ ला ८६ आणि ई००६. ३ ला ८७ आणि ई००७. म्हणजे बटणं जिवंत आहेत.

मग लगेच भुसावळकरांनी सांगितलं तसं सुडो सेटकीकोड्स ई००५ १५६ केलं. कमांड गुपचूप झाली, एरर नाही. सिनॅमनच्या शॉर्टकटमध्ये बटण दाबलं तर घेतलं! पण नाव आलं फेव्हरिट्स. लाँच-१ नाही आलं. आणि रात्री पीसी बंद करून सकाळी चालू केला तर परत सगळं गेलं, बटण परत अनोळखी. हे रोज करावं लागणार का?

सोल्डरगन
वा, मग अर्ध्याच्या वर काम झालं. दोन्ही गोष्टींची उत्तरं देतो.

फेव्हरिट्स का आलं. कर्नलचा कीकोड आणि एक्सचा कीकोड यात ८ चा फरक असतो, नेहमी, प्रत्येक बटणाला. एक्सच्या जुन्या नियमात ० ते ७ हे नंबर वापरायचेच नाहीत असं ठरलेलं आहे, म्हणून कर्नलच्या प्रत्येक नंबरात ८ मिळवून पुढे दिला जातो. झेव्ह जो नंबर दाखवतं तो एक्सचा. सेटकीकोड्सला मात्र कर्नलचा लागतो. भुसावळकरांचा १५६ हा एक्सचा होता, तोच कर्नलला दिलात तर कर्नलच्या यादीत १५६ म्हणजे बुकमार्क्स, ते एक्समध्ये १६४ होऊन फेव्हरिट्स झालं. लाँच-१ हवं तर १५६ मधून ८ वजा, १४८. कर्नलमध्ये त्या बटणाचं नाव प्रॉग-१, दुसऱ्याचा नंबर १४९, प्रॉग-२. तिसऱ्याला प्रॉग-३, ते २०२. आणि नीट बघा, कॅल्क्युलेटर कर्नलमध्ये १४० आहे म्हणजे झेव्हमध्ये १४८ दिसतं, तोच १४८ आकडा कर्नलच्या बाजूने प्रॉग-१ आहे. इथेच सगळे फसतात, मीही पहिल्यांदा एक अख्खा रविवार यात घालवलाय, तेव्हा कागदावर दोन रकाने करा आणि कुठला आकडा कुठल्या बाजूचा ते लिहून ठेवा.

याच ८ वरून अजून एक. एक्सला २५५ च्या वरचा नंबर कळत नाही, म्हणजे कर्नलमध्ये २४७ पर्यंतच जे आहे ते पोचतं. माइक बंद करायचं बटण कर्नलमध्ये २४८ आहे, एका नंबराने हुकलं, म्हणून लॅपटॉपवाल्यांना ते एफ-२० च्या नावाखाली पाठवावं लागतं. कुणाचं माइकचं बटण चालत नसेल तर हेच बघा आधी.

आता रोज करावं लागू नये म्हणून. सेटकीकोड्सने सांगितलेलं नुसतं मेमरीत राहतं, पीसी बंद केला की गेलं. कायमचं करायला युडेव्हची, म्हणजे जोडलेली उपकरणं सांभाळणाऱ्या भागाची, एक फाइल लिहायची. ईटीसी, त्यात युडेव्ह, त्यात एचडब्ल्यूडीबी-डॉट-डी असा फोल्डर आहे, त्यात सुडो लावून नॅनो या साध्या एडिटरने ९०-माझाकीबोर्ड.एचडब्ल्यूडीबी अशी फाइल करा, नाव काहीही चालेल, शेवट मात्र तोच हवा. त्यात पहिल्या ओळीत
इव्हीडेव्ह:एटीकेबीडी:डीएमआय:*
आणि त्याच्या खाली
 कीबोर्ड_की_८५=प्रॉग१
 कीबोर्ड_की_८६=प्रॉग२
 कीबोर्ड_की_८७=प्रॉग३
डावीकडचं मोठ्या अक्षरात, उजवीकडचं आणि पहिली ओळ छोट्या. या तीन ओळींच्या आधी एक स्पेस पाहिजेच पाहिजे, ती नसली तर फाइल वाचलीच जात नाही आणि माणूस तासभर कोड तपासत बसतो. इथे ई००५ लिहायचं नाही, ८५ लिहायचं, आणि नंबर ऐवजी नाव चालतं म्हणून ८ चा घोळही होत नाही. मग सुडो सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी, स्पेस, अपडेट. मग पीसी रीस्टार्ट.

यूएसबीवाल्यांनी पहिली ओळ वेगळी लिहायची, तिथे बी०००३ नंतर व्ही आणि कंपनीचा चार अक्षरी नंबर, पी आणि मॉडेलचा नंबर, हे दोन्ही एलएसयूएसबी या कमांडमध्ये दिसतात. आणि इव्हीटेस्ट चालवलं की यूएसबी कीबोर्ड बऱ्याचदा यादीत दोनदा दिसतो, एक साधा आणि एक कन्झ्युमर कंट्रोल म्हणून, मीडियाची बटणं त्या दुसऱ्यात येतात. पहिलाच निवडून "माझं बटण येतच नाही" म्हणणारे खूप भेटलेत मला. सेटकीकोड्स यूएसबीला लागत नाही, तिथे हीच फाइल.

भुसावळचा
चूक माझी, ताई माफ करा, ८ चा फरक मला माहीतच नव्हता. सोल्डरगनराव, नीट समजावलंत, माझ्या वहीत लिहून घेतलं.

एक अनुभव सांगतो, कुणाच्या कामाला येईल. नवीन मदरबोर्डावर पीएस-टूचं पोर्ट बऱ्याचदा नसतं म्हणून मी एक साधा पीएस-टू ते यूएसबी कन्व्हर्टर आणला होता, त्यातून अक्षरं सगळी आली, आवाजाचीही आली, पण वरची जादा बटणं आलीच नाहीत. कन्व्हर्टर स्वतःला जेवढी माहीत आहेत तेवढीच पुढे देतो. तेव्हा ताई तुमचं मागचं पोर्ट आहे ते सोडू नका, पुढे मदरबोर्ड बदललात तर पोर्ट असलेलाच बघा. ऑफिसात दोन पीसीला एक कीबोर्ड लावायचा स्विच होता त्यातही हेच, कीबोर्डच्या खाचेत लावला तर मीडिया बटणं गायब, शेजारच्या साध्या यूएसबी खाचेत लावला तर सगळी हजर.

लिहितीबाई
मी गेली सात वर्षं मुलाखती ऐकून टाइप करायचं काम करते, तेव्हा बटणं लागल्यावर त्यावर काय ठेवायचं त्याबद्दल बोलते, कारण माझ्या मते खरा वेळ तिथे वाचतो.

प्लेअरसीटीएल नावाचं छोटंसं पॅकेज आहे, अ‍ॅप्टने टाका. ते कुठल्याही चालू प्लेअरशी बोलतं, मागे डॅश पी व्हीएलसी लावलं की फक्त व्हीएलसीशीच, मग ब्राउझरमध्ये काही चालू असलं तरी फरक नाही. प्लेअरसीटीएल प्ले-पॉज म्हणजे चालू-बंद. प्लेअरसीटीएल पोझिशन ५- म्हणजे पाच सेकंद मागे, वजाचं चिन्ह आकड्याच्या नंतर, आधी नाही, आधी लावलं तर त्याला तो वेगळा ऑप्शन वाटतो.

पण ताई, नुसतं चालू-बंद ठेवू नका. थांबवून आपण लिहितो तोवर कानातला धागा तुटलेला असतो, परत चालू केलं की पहिला शब्द हुकतोच, मग परत मागे. म्हणून मी चालूच्या बटणावर असं ठेवलंय की वाजत असेल तर थांबव, थांबलेलं असेल तर आधी दोन सेकंद मागे जा आणि मग चालू कर. जुन्या टायपिस्ट बायका पायडलवर काम करायच्या त्यांच्या मशीनमध्ये ही सोय होती, पाय उचलून परत ठेवला की टेप आपोआप थोडी मागे जायची. त्यासाठी तीन ओळींची स्क्रिप्ट लागते, प्लेअरसीटीएल स्टेटस विचारायचं, उत्तर प्लेइंग आलं तर पॉज, नाहीतर पोझिशन २- आणि प्ले. ती फाइलमध्ये ठेवा, चालवायची परवानगी द्या आणि सिनॅमनच्या कस्टम शॉर्टकटमध्ये त्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या. दोन कमांड अर्धविरामाने जोडून थेट त्या रकान्यात लिहिल्या तर चालत नाहीत, तिथे शेल, म्हणजे टर्मिनलसारखं कमांड जोडून चालवणारं, नसतं.

वेळ कॉपी करायची तर प्लेअरसीटीएल मेटाडेटा, त्याला फॉरमॅट म्हणून ड्युरेशन आणि कंसात पोझिशन दिलं की मिनिटं-सेकंद असं सुटसुटीत मिळतं, ते एक्सक्लिप या क्लिपबोर्डवर टाकणाऱ्या प्रोग्रामकडे पाठवा, सिलेक्शन क्लिपबोर्ड सांगून. हीही स्क्रिप्टच करा, त्यात पाइप येतो, म्हणजे एका कमांडचं उत्तर दुसरीला देणारं चिन्ह. एक्सक्लिप वेगळं टाकावं लागतं. आणि पेस्ट करताना कंट्रोल-व्ही ऐवजी शिफ्ट-इन्सर्टची सवय लावा. मराठी चालू असताना व्हीच्या जागी न असतो, काही प्रोग्राम गोंधळतात, इन्सर्टला भाषाच नाही.

तुमच्या कंट्रोल-अल्टच्या शॉर्टकटचंही तेच दुखणं होतं. अक्षराचं बटण मराठीत गेलं की त्याचं नाव बदलतं, ही वरची बटणं मात्र मराठीत असा नाहीतर इंग्रजीत, तीच राहतात. इनस्क्रिप्टवाल्यांना म्हणूनच मी सांगत असते की स्वस्तातला का होईना पण जादा बटणांचा कीबोर्ड घ्या.

चहाबाज
लिहितीबाई, दोन सेकंदांची युक्ती फारच कामाची आहे, मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगची रेकॉर्डिंग टाइप करतो त्याला लावतो आजच.

एक विचारायचं होतं, माझ्याकडे दुसऱ्या मशीनवर एक्सच्या ऐवजी नवं वेलँड आहे, त्यात झेव्ह नीट चालत नाही. हे सगळं तिथे चालेल का?

सोल्डरगन
कर्नलचा भाग तसाच चालेल, डीमेसेज, इव्हीटेस्ट, एचडब्ल्यूडीबीची फाइल, यातलं काहीच एक्सवर अवलंबून नाही. बघायला झेव्ह ऐवजी वेव्ह म्हणून आहे ते टाका, नाहीतर सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स. एक्सक्लिपच्या जागी डब्ल्यूएल-क्लिपबोर्ड. एक्समॉडमॅपवर, म्हणजे एक्समध्ये बटणं बदलायच्या जुन्या कमांडवर, मात्र तिथे काही करू नका. तसं एक्सवरही मी ते सांगत नाही, कीबोर्डची भाषा बदलली किंवा पिन काढून घातली की त्याने केलेलं पुसलं जातं आणि इनस्क्रिप्टवाल्यांची भाषा दिवसातून पन्नास वेळा बदलते.

रानजाई
झालं!! दोन दिवस लागले पण झालं.

पहिल्यांदा फाइल लिहिली तेव्हा काहीच झालं नाही, मग सोल्डरगनदादांचं परत वाचलं, स्पेस. तिसऱ्या ओळीला दिली होती, पहिल्या दोनला नव्हती. दिली, अपडेट केलं, रीस्टार्ट केलं, आणि १ दाबल्यावर शॉर्टकटच्या रकान्यात लाँच-१ आलं. डीमेसेजमध्येही आता काही येत नाही, म्हणजे कर्नलने ओळखलं. पीसी तीनदा बंद चालू करून बघितला, टिकलंय.

आता १ वर लिहितीबाईंची चालू-बंद आहे, दोन ऐवजी तीन सेकंद केले कारण आजी ओवीच्या शेवटी श्वास घेते आणि लगेच पुढची ओळ धरते, दोन सेकंदांत मी ओळीच्या मधेच पडत होते. २ वर पाच सेकंद मागे. ३ वर वेळ, तो रायटरमध्ये ओवीच्या समोर चिकटवते म्हणजे नंतर मामेबहिणींना विचारायचं झालं तर नेमकी जागा सांगता येते, कॅसेट चार, बाजू ब, बावीस मिनिटं. काल तासाभरात चौदा ओव्या झाल्या. आधी चार-पाच व्हायच्या.

बटणांवरचे आकडे पुसट झालेत म्हणून चिकटपट्टीवर पेनाने "थांब", "मागं", "वेळ" असं लिहून लावलंय.

आणि "मावळण" होतं. पाच सेकंदांच्या बटणाने अकरा वेळा मागे गेले, मग जात्याचा आवाज एका फेऱ्याला जरा हलका होतो तिथे "ण" स्पष्ट आला. माझ्या पणजोबांच्या बहिणीबद्दलची ओवी आहे ती, आईने ऐकल्यावर नाव सांगितलं.

एकच राहिलंय, मिंटची नवीन आवृत्ती टाकली तर ही फाइल जाते का?

सोल्डरगन
फार छान वाटलं वाचून. आवृत्ती वरच्यावर अपग्रेड केलीत तर ईटीसीमधली फाइल राहते, सगळं पुसून नव्याने टाकलंत तर जाते. ती फाइल आणि दोन्ही स्क्रिप्ट कॅसेटच्या फोल्डरमध्येच कॉपी करून ठेवा, ओव्यांचा बॅकअप घ्याल तेव्हा ते आपोआप सोबत जाईल. आणि शॉर्टकट कुठल्या बटणाला काय ते एका ओळीत तिथेच लिहून ठेवा, ते सिनॅमनच्या सेटिंगमध्ये असतं, फाइलबरोबर येत नाही.